माळावरची ओली रेघ

चावीकाकांच्या घरात दोन गोष्टींना हात लावायची कोणाची छाती नव्हती. एक म्हणजे दाराआड उभी असलेली लोखंडं आणि दुसरी भिंतीवरची पितळी पाटी. लोखंडं दोन होती. छातीएवढ्या उंचीची, वर आडवा दांडा असलेली व्हॉल्व्हची चावी, आणि तिच्या शेजारी एक बारीक सळई, टोकाला लाकडी गोळा बसवलेली. चावीने पाणी सोडायचं नि बंद करायचं. सळईने ऐकायचं. एक टोक जमिनीत रोवायचं, गोळ्याला कान लावायचा, की खाली पाइप कुठे गळतोय ते कळतं. गळणारा सांधा सूंऽऽ करतो. ही विद्या आता कोणाला येत नाही, असं काका म्हणत. ते खरंच होतं म्हणा, पण दिवसातून दोनदा सांगायची काही गरज नव्हती.

पाटी मिळाली ती पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले त्या दिवशी. तिच्यावर कोरलं होतं, ‘एकतीस वर्षं. थेंब न थेंब जपला.’ काका रोज सकाळी ती मऊ फडक्याने पुसत आणि बायको रोज सकाळी म्हणे, “एकतीस वर्षांत मला कधी एवढं चमकवलं नाहीत.”

“तू मुळातच चमकतेस,” काका म्हणत. बायको नाक मुरडून चहा ठेवायला जाई. चार वर्षं हे असंच चाललं होतं आणि दोघांपैकी कोणालाच त्याचा कंटाळा आला नव्हता.

या दोघांची एकुलती एक लेक म्हणजे मुंगी. लहानपणी सुट्टीच्या दिवशी बापाच्या मागे मागे, त्याच्याच पावलांवर पाऊल टाकत, सळई सांभाळत चालायची, म्हणून मुंगी. आता सव्वीस वर्षांची झाली, भूजल कार्यालयात नोकरीला लागून आठ महिने झाले, चष्मा लागला, पण घरात मुंगी ती मुंगीच. तिचे मोठे साहेब म्हणजे तेच, ज्यांनी पाटीवरचा मजकूर लिहिला होता. पूर्वी ते पाणीपुरवठ्यात होते, तेव्हा त्यांना धाकटे साहेब म्हणत. आता डोक्यावर केस कमी झाले नि साहेब मोठे झाले.

आठ महिन्यांत मुंगीला पहिल्यांदाच एकटीच्या जबाबदारीचं काम मिळालं होतं. खालच्या वस्तीच्या विहिरी दरवर्षी उन्हाळा निम्म्यावर येईतो तळ गाठायच्या. त्या वस्तीच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव खोदायचा होता. एकच. तो कुठे खोदला म्हणजे पाणी जमिनीत मुरेल आणि खालच्या विहिरींना पोचेल, हे उपग्रहाच्या फोटोंवरून शोधून नकाशा काढायचा, आणि नकाशाखाली नाव मुंगीचं. जागा चुकली तर तलाव नुसता ताटासारखा, उन्हाने आटून जाणार आणि विहिरी होत्या तशाच राहणार. त्या वस्तीत मुंगीची मावशी राहायची. तिचे दिवसाला दोन फोन यायचे. “मुंगे, माझ्या विहिरीचं बघ गं. बादली नुसती खडखडते.”

रविवारी दुपारी मुंगी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली.

“बाबा, तुम्ही जाणकार आहात ना?”

“हा काय प्रश्न झाला?” काकांनी पेपर खाली ठेवला.

“मग मला पुनर्भरणाचे गुण काढायला मदत करा.”

“पुनर्भरण म्हणजे काय?”

“जमिनीत पाणी परत मुरवणं.”

“मग मुरवणं म्हण की. एवढं तोंड वाकडं करून कशाला बोलायचं?”

मुंगीने समजावून सांगितलं. जमिनीचा उतार, माती, नाले, झाडझाडोरा, पाऊस आणि खडकातल्या फटी, असे सहा नकाशे एकावर एक ठेवायचे. पण सगळ्यांना सारखं महत्त्व कसं चालेल? म्हणून दोन-दोनाच्या जोड्या लावायच्या. उतार महत्त्वाचा की माती? माती की फटी? आणि किती पट, ते एक ते नऊ आकड्यांत सांगायचं. एक म्हणजे दोघं सारखेच. नऊ म्हणजे पहिल्यापुढे दुसरं काहीच नाही.

काका मोठ्या तोऱ्यात बसले. उतार मातीपेक्षा भारी, तीन. माती फटींपेक्षा भारी, पाच. फटी उतारापेक्षा भारी, सात. सगळ्या जोड्या झाल्या तेव्हा लॅपटॉपवर लाल अक्षरं उमटली.

“काय म्हणतंय ते?”

“म्हणतंय, या माणसाचं स्वतःशीच जमत नाही.” मुंगी हसून हसून बेजार. “अहो बाबा, उतार मातीच्या पुढे, माती फटींच्या पुढे, मग फटी उताराच्या पुढे कशा जातील?”

“त्यांना काय विचारतेस?” आई स्वयंपाकघरातून ओरडली. “चहा की पेपर म्हटलं तर पेपर. पेपर की झोप म्हटलं तर झोप. झोप की चहा म्हटलं तर चहा! पस्तीस वर्षं मी हेच लाल अक्षर घेऊन बसलेय.”

“मला नऊ द्यायला जागाच कुठे मिळाली?” काका कुरकुरले. “नऊ द्यावं असं त्यात काही नव्हतंच.”

मंगळवारी संध्याकाळी मुंगी घरात शिरली ती नाचतच. चपला एक इकडे, एक तिकडे.

“बाबा, सापडली! फट सापडली!”

तिने लॅपटॉप उघडून बापासमोर ठेवला. पडद्यावर माळ होता, आकाशातून काढलेला. ऐन उन्हाळ्यातला फोटो, सगळं करडं पांढुरकं, आणि त्या करड्यातून तिरपी जाणारी एक लालभडक रेघ.

“या फोटोत हिरवं लाल दिसतं,” मुंगी भराभरा सांगू लागली. “खडकातली फट वरून दिसत नाही ना, पण तिच्यात ओल धरून राहते. वरचं गवत तगतं. मग आकाशातून अशी सरळ रेघ दिसते. एवढी सरळ रेघ मी कधी बघितली नव्हती! मी जाऊनसुद्धा आले. तीन ठिकाणी हातभर उकरलं, तिन्ही ठिकाणी ओल. रेघ सोडून चार पावलं बाजूला गेलं की ठणठणीत कोरडं. साहेब म्हणाले, शाब्बास. तलाव इथेच. गुरुवारी सकाळी सात वाजता ते जागा बघायला येताहेत, शुक्रवारी दुपारी बाराला नकाशा वर जाणार.”

काका त्या रेघेकडे बघत राहिले. वर पाण्याच्या टाकीच्या बाजूला, एका मोठ्या काळ्या धोंड्यापासून रेघ सुरू होत होती आणि सरळ खाली येत होती. धोंडा फोटोत ठिपक्याएवढा होता. पण तो धोंडा काकांनी कुठूनही ओळखला असता.

“पाइपांच्या नकाशाशी ताडून बघितलंस?” त्यांनी विचारलं. आवाज शक्य तेवढा सरळ ठेवला.

“म्हणजे काय! पहिल्यांदा तेच केलं. पाइप रस्त्याच्या कडेने गेलाय. इथे काहीच नाही.”

“हं,” काका म्हणाले.

“बाबा, तुम्हाला आनंद नाही झाला?”

“झाला की. झाला ना.” ते उठले. “जरा पाठ धरलीय.”

पाठबीठ काही धरली नव्हती. धरलं होतं ते अठरा वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीने.

पाइप रस्त्याच्या कडेने गेला होता तो फक्त कागदावर. टाकताना रस्त्याच्या कडेला असा कातळ लागला की पहारी वाकल्या. माळावर कातळाच्या वर निदान कमरेएवढी माती होती, म्हणून शेवटी मजुरांनी सरळ माळ कापून चर खणला, पाइप टाकला, माती लोटली. नकाशा तसाच राहिला. धाकट्या साहेबांची नोकरी नवी होती, पुढे आला तो कागद त्यांनी सही करून मागे सरकवला. खरा पाइप कुठे आहे हे चावी फिरवणाऱ्यालाच तेवढं माहीत होतं.

पुढे अठरा वर्षांपूर्वी एके दिवशी त्या काळ्या धोंड्यापाशी सांधा चिरला. नवा सांधा शिलकीत नव्हता. काकांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, घट्ट गुंडाळल्या, वर तार पिळली. उद्या येऊन नवा बसवू म्हणाले. नोंदवहीचं पान त्याच दिवशी बंद करायचं होतं, म्हणून रकान्यात लिहून टाकलं, ‘काम पूर्ण’. दुसऱ्या दिवशी बाजारातला मोठा पाइप फुटला. तिसऱ्या दिवशी आणखी काही. महिन्याने तिकडे गेले तर सांधा पाझरत होता, फार नाही, घामासारखा. आता नवा सांधा मागायचा तर ‘काम पूर्ण’ कसं काय लिहिलं होतं, ते सांगावं लागणार. चालायचंच, ते म्हणाले. मग गवत उगवलं. ते त्या बाजूला जाईनासे झाले. जायचंच झालं तर लांबून वळसा. आणि चराच्या भुसभुशीत मातीतून, पाइपाच्या कडेकडेने, ते पाणी अठरा वर्षं हळूहळू खाली उतरत राहिलं, थेट उपग्रहाच्या नजरेत भरेपर्यंत.

म्हणजे मुंगीची फट ही फट नव्हतीच. ओल होती ती नळाच्या पाण्याची, आणि तिच्याखाली अखंड काळा कातळ, पहारी वाकवणारा. तिथे तलाव खोदला तर पाणी इंचभर मुरणार नव्हतं.

बुधवारी सकाळी काकांनी पाटी पुसली नाही. बायकोच्या ते लगेच लक्षात आलं. मुंगी कामावर गेल्यावर काका एक कोरा कागद घेऊन खिडकीशी बसले. तासाभराने बायको कपडे वाळत घालून आली, तेव्हा ते बसल्या जागी डुलक्या घेत होते आणि कागद मांडीवर होता. तिने तो उचलला. डाव्या हाताने काढल्यासारखी वेडीवाकडी अक्षरं होती. ‘मोठे साहेब यांस. माळावर जी रेघ दिसते ती फट नसून वालाच्या खालच्या बाजूची पाइपलाइन आहे. तरी तिथे तलाव खोदू नये. एक हितचिंतक.’

“अहो हितचिंतक!” तिने त्यांचा खांदा हलवला. काका दचकून जागे झाले. “व्हॉल्व्हला ‘वाल’ लिहिणारा माणूस या शहरात एकच आहे. एकतीस वर्षांच्या नोंदवह्यांत तुम्ही शेंगा लावून ठेवल्यात. साहेब पहिली ओळ वाचून दारात येतील.”

काकांचा चेहरा पडला. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. धोंडा, ट्यूबच्या पट्ट्या, ‘काम पूर्ण’. सांगताना एकदाही पाटीकडे बघितलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, ओल्या हातांनी पदराशी चाळा करत.

“मला का नाही सांगितलंत?” ती म्हणाली.

“तुला कोणत्या तोंडाने सांगणार? तू तर सगळ्यांना सांगत फिरायचीस, माझा नवरा थेंब वाया घालवत नाही म्हणून.”

“ते मी तुम्हाला चिडवायला सांगायचे.”

“मला खरं वाटायचं,” काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. एवढा उंच माणूस, लहान पोरासारखा नाक ओढू लागला. बायकोचा जीव कळवळला. ती शेजारी टेकली, त्यांचा हात हातात घेतला. म्हणाली, “हे बघा, पाटी काढली तर भिंतीवर खिळा राहील. त्यावर मी टॉवेल टांगीन. पण पोरगी साहेबांसमोर तोंडघशी पडली, आणि माझी बहीण पुढच्या वर्षीही बादली घेऊन कोरड्या विहिरीत बघत बसली, तर त्यावर मी काय टांगू?”

“नकाशा जाऊ दे, नंतर मी गुपचूप सांधा—”

“अहो, सांधा बदललात तर रेघ वाळेल. कातळ मऊ होणार आहे का?”

रात्री जेवताना काकांनी दोन वेळा तोंड उघडलं, पण मुंगी मावशीशी फोनवर बोलत होती. “हो गं मावशी, जागा मिळालीय. अगदी नक्की.” तिच्या आवाजातला आनंद ऐकून काकांनी घास तसाच गिळला.

गुरुवारी सकाळी सात वाजता माळावर साहेबांची जीप उभी होती. साहेब कमरेवर हात ठेवून रेघेकडे बघत होते. जमिनीवरून ती रेघ म्हणजे नुसता गवताचा पट्टा, दोन हात रुंद, पण आजूबाजूच्या करपलेल्या माळात डोळ्यांना गार वाटावं असा. मुंगी कागद पसरून समजावत होती. तेवढ्यात तिला खालून येणारे बाबा दिसले. एका हातात सळई, खांद्याला पिशवी, चालून चालून घामाघूम.

“बाबा? तुम्ही इथे?”

“अरे वा, काका!” साहेब खूश झाले. “लेकीचं कौतुक बघायला आलात?”

काका नमस्कार करायचंही विसरले. सरळ काळ्या धोंड्यापाशी गेले, तिथून मोजून तीन पावलं खाली आले, सळई गवतात रोवली नि अंगठ्याने गोळा पुसला.

“मुंगे, इकडे ये. ऐक.”

“आत्ता? बाबा, साहेब आलेत...”

“म्हणूनच ऐक म्हणतोय.”

तो आवाज मुंगीला ओळखीचा होता. सात वर्षांची असताना याच आवाजाने तिला गप्प उभं राहायला शिकवलं होतं. ती गुडघे टेकून बसली, चष्मा काढला, कान गोळ्याला लावला. सकाळी सात ते आठ खालच्या बाजूला पाणी सुटायचं, हे काकांना जन्मभर पाठ होतं. ती वेळ साधूनच ते आले होते.

मुंगी ऐकत राहिली. आधी तिच्या कपाळाला आठी पडली. मग आठी गेली आणि चेहऱ्यावरचं सगळंच गेलं. लाकडाच्या गोळ्यातून, बारीक, न थांबता, सूंऽऽ येत होतं.

“पाइप आहे,” ती हळूच म्हणाली. “बाबा, खाली पाइप आहे.”

“आहे. आणि गळतोय. अठरा वर्षं गळतोय.” काका साहेबांकडे वळले. “साहेब, सांधा मी बांधला होता, ट्यूबच्या पट्ट्यांनी. बदलला नाही. वहीत ‘काम पूर्ण’ लिहिलं ते खोटं लिहिलं. ही फट नव्हे. खाली कातळ आहे, इथे पाणी मुरायचं नाही. पोरीची चूक नाही यात. तिने पाइपांचा नकाशा बघितला होता, नकाशातच पाइप नाही.” पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी काढली नि पुढे केली. “ही तुमची तुम्ही घ्या.”

साहेबांचा चेहरा तांबडा झाला. “अठरा वर्षं? काका, अठरा वर्षं? अहो, मी निरोपाच्या भाषणात काय काय बोललो होतो तुमच्याबद्दल! सगळ्यांसमोर! आणि तुम्ही हार घालून ऐकत बसलात?”

“बसलो,” काका म्हणाले. “हार फार जड लागला, पण बसलो.”

साहेब तरातरा जीपपर्यंत गेले, तिथून परत आले. पाटी अजून काकांच्या हातात तशीच होती. साहेबांनी ती घेतली नाही. धोंड्याकडे बघितलं, टाकीकडे बघितलं, मग बराच वेळ रस्त्याकडे. रस्ता लांब होता, तिकडे.

“त्या नकाशावर सही कोणाची आहे?” त्यांनी विचारलं.

काका पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले.

“बोला ना. माझीच आहे ना?” साहेब एका दगडावर मटकन बसले. “मी तर इथे आलोही नव्हतो हो. उन्हाचे दिवस होते, पंख्याखाली बसून सही ठोकली.” त्यांनी टक्कल पुसलं. राग कुठे गेला ते त्यांनाही कळलं नसावं. “पाटी लिहिताना तरी कुठे तपासलं होतं म्हणा.”

मुंगी अजून गुडघ्यांवरच होती. काका तिच्याजवळ गेले, कष्टाने खाली बसले.

“रागावलीस?”

“रेघ इतकी सरळ होती, बाबा,” ती म्हणाली. “मला तेव्हाच कळायला हवं होतं. खडक कुठे एवढा सरळ फुटतो? मला ती हवी होती म्हणून मी बघितलं नाही.” मग तिने त्यांच्याकडे बघितलं. “तुम्ही गप्प बसला असता तर कोणाला कळलंही नसतं. पाटी होती, नाव होतं.”

“जोडी लावून बघितली मी,” काका म्हणाले. “तुझ्या त्या पद्धतीने. एका बाजूला माझं नाव, एका बाजूला तू.”

“मग?”

“नऊ.” ते म्हणाले. “पहिल्यांदाच द्यायला जागा मिळाली. बघ, आता तुझं ते यंत्र लाल अक्षरं काढतंय का.”

मुंगीने साहेबांदेखत त्यांच्या गळ्यात हात टाकले नि रडली. काकांच्या सदऱ्याला तिच्या हातातल्या चष्म्याची काडी अडकली, ती सोडवताना दोघं हसू लागली. साहेब तोंड फिरवून जीपच्या चाकांची हवा बघत बसले. चाकांत हवा भरपूर होती.

त्या दिवशी दुपारभर मुंगीने नकाशा पुन्हा केला. रेघ पुसली, सहा थर पुन्हा एकावर एक ठेवले. आता गडद निळा ठिपका उमटला तो माळाच्या खालच्या कडेला, नाल्याच्या वळणावर. तिने काकांना बोलावून दाखवला.

“इथे?” काकांनी चष्मा वर-खाली केला. “अगं, इथे तर आम्ही वैतागलो होतो. पाइप टाकताना चरात पाणी सोडून बघायचो, माती बसावी म्हणून. बाकीकडे दोन-दोन दिवस तुंबून राहायचं. या वळणावर संध्याकाळी चर भरला, सकाळी बघतो तर टिपूस नाही. आम्हाला वाटलं कोणी तरी चोरून नेलं. दोनदा भरला, दोनदा गायब.”

“आणि हे तुम्ही मला आधी सांगितलं नाहीत?”

“तू मला उतार की माती एवढंच विचारलंस. चोरी कुठे झाली ते कुठे विचारलंस?”

मुंगी आणि साहेब जाऊन वळणावर खड्डा करून आले. पाणी ओतलं, घड्याळ लावलं. खाली नुसती वाळू नि गोटे. बादली ओतून रिकामी ठेवेपर्यंत खड्डा कोरडा. साहेब म्हणाले, हीच जागा.

संध्याकाळी टेबलावर अहवाल तयार होत होता. भिंतीवर पाटीच्या जागी खरंच टॉवेल टांगलेला होता. आई दिल्या शब्दाला जागली होती. पाटी कपाटावर पालथी पडली होती, तिला कोणी हात लावला नव्हता. मुंगीने शेवटचा तक्ता उघडला. माहिती कुठून मिळाली याचा रकाना होता. उतार, उपग्रह. झाडझाडोरा, उपग्रह. सगळ्यांत खाली तिने लिहिलं, ‘माळावरची रेघ: खडकातली फट नव्हे, पाइपाची गळती. निवृत्त व्हॉल्व्हमन यांनी प्रत्यक्ष ऐकवली. दुरुस्त केली.’

काका तिच्या खांद्यावरून वाचत होते. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

“हे शेवटचं काय लिहिलंस?”

“दुरुस्त केली. उद्या सकाळी साहेब पाणीपुरवठ्याची माणसं पाठवताहेत ना सांधा बदलायला.”

“उद्या.”

“हो, उद्याच. अहवाल वाचला जाईल तोवर झालेलीच असणार की.”

“मलाही असंच वाटलं होतं,” काका म्हणाले. “काढ ते.”

“बाबा, बाराला पाठवायचंय. धावपळ होईल.”

“मग साडेअकराला लिही. पण झाल्यावर लिही.” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण आई स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली. मुंगीने मुकाट्याने ते दोन शब्द खोडले. रकान्यात तेवढी जागा मोकळी राहिली.

शुक्रवारी सकाळी माळावर दोन फिटर चर उकरत होते. तासभर उकरूनही त्यांना सांधा सापडेना. शेवटी काका स्वतः गुडघाभर चिखलात उतरले नि धोंड्यापासून तीन पावलांवर हात घातला. हात बाहेर आला तो काळ्या, लिबलिबित ट्यूबच्या पट्ट्या घेऊनच. वर गंजकी तार, तिला त्यांचाच तो डावा पीळ. काकांनी ती तार उलगडली, गुंडाळली आणि खिशात टाकली. फिटर हसू लागले. काका हसले नाहीत.

नवा सांधा बसला. फिटरांचा आणखी अर्धा तास गेला, कारण काकांनी बोल्ट दोनदा आवळायला लावले. मग त्यांनी टाकीजवळ जाऊन स्वतःची चावी व्हॉल्व्हवर चढवली, सावकाश फिरवली, पाणी सोडलं. खालच्या वस्तीत त्या दिवशी अकरा वाजता अवेळी नळ आले, त्याचाही मावशीने फोन केला.

मुंगी धोंड्याजवळ सळई रोवून बसली होती. लॅपटॉप जीपच्या बॉनेटवर उघडा होता, अहवाल वर, मोकळा रकाना मधे. साहेब घड्याळाकडे बघत होते. साडेअकरा वाजून गेले.

तिने गोळ्याला कान लावला. डोळे मिटले. काकांनी सळईकडे हात पुढे केला, मग मागे घेतला नि शर्टाला चिखल पुसत उभे राहिले. ती बराच वेळ ऐकत राहिली, अगदी त्यांनी शिकवलं होतं तशी, श्वास रोखून.

“काहीच ऐकू येत नाही, बाबा.”

“नीट ऐकलंस?”

“नीट ऐकलं.”

“मग लिही आता,” काका म्हणाले.